सफरचंद मीच खाल्लं

१४ जून

प्रिय भुंग्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘मला पत्रं पाठवू नकोस.’ एवढंच. खाली नाव नाही, पण पूर्णविराम इतका दाबून दिलायस की कागदाला भोक पडलंय. त्या भोकाला डोळा लावून मी खिडकीबाहेर बघून घेतलं. बाहेर सगळं ठीक आहे.

तर, पत्र पाठवते आहे.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण तिकडे त्या तुला वेगळ्या रंगात सांगितल्या जातील. पहिली म्हणजे, बाबा गेल्यावर तुला मामाकडे पाठवायचं मी ठरवलेलं नाही. मामा आणि आजी आले. आजी म्हणाल्या, “आमच्या लेकीची मुलगी आहे, सावत्र आईच्या हाती कशाला ठेवायची?” मी म्हटलं, “कारण तिचं घर हे आहे.” मग त्यांनी तुला विचारलं, आणि तू म्हणालीस, “ही माझी कोणीच नाही.” आणि जाऊन गाडीत बसलीस. दुसरी गोष्ट, त्याच आठवड्यात मी वकीलबाईंना गाठलं आणि तुझं पालकत्व मला मिळावं म्हणून कोर्टात अर्ज दिला. तुला न विचारता दिला. तू मला न विचारता गाडीत बसलीस, म्हणजे आता बरोबरी झाली.

आजींनी तुझे लाड करावेत, हवे तेवढे करावेत. माझं भांडण आहे ते ‘सावत्र’ या शब्दाशी. तुझ्या केसांतल्या उवा मी एकेक करून काढल्यात. तेव्हा त्यांच्यातली एकही म्हणाली नाही की तुमचा हात सावत्र आहे, आम्ही येत नाही.

खरा दोष त्या गोष्टींचा आहे. कुठलंही पुस्तक उघड, सावत्र आई आहेच. कोणाला विष घाल, कोणाला जंगलात सोड, कोणाकडून चूल साफ करून घे. आठवतं, बाबा तुला वाचून दाखवायचा आणि ‘सावत्र आई’ आली की खोकून ‘शेजारीण’ म्हणायचा? दुष्ट शेजारीण, शेजारणीची जादू, शेजारणीने दिलेलं विष. आपल्या समोरच्या बिचारीला कधी कळलंच नाही, की तिने दिलेलं फळ तू पाठीमागे का लपवतेस.

आता बाबा नाही. मी खोकणार नाही. सरळ सांगते.

एक राणी होती, नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या मुलीची सावत्र आई. ती रोज सकाळी आरशासमोर उभी राहून विचारायची, “आरशा, आरशा, खरं सांग, या राज्यात सगळ्यात सुंदर कोण?”

आरसा म्हणाला, “बाई, आधी मला पुसा. कालची पावडर बसलीय.”

राणीने पुसला. “आता सांग.”

“आता असं दिसतंय की तुमच्या मागे एक मुलगी उभी आहे, तिने दात घासलेले नाहीत आणि शाळेची वेळ होत आलीय.”

आरशांचं काम एवढंच असतं, भुंग्या. माझ्या बसला इतके आरसे आहेत, पण एकाने कधी मला सुंदर म्हटलेलं नाही. ते म्हणतात, मागे टेम्पो आहे.

तर राणी त्या मुलीला म्हणाली, “दात घास.” मुलगी म्हणाली, “तू माझी आई नाहीस.” आणि पाय आपटत जंगलात निघून गेली.

इथे कागद संपला. लहान कागद मी मुद्दामच घेतला होता.

तुझी ड्रायव्हर

३० जून

प्रिय भुंग्या,

तुझं उत्तर आलं नाही. पण मामाच्या पाकिटातून एक चित्र आलं. मुकुट घातलेली बाई, तिच्यामागे लाल बस, आणि खाली मामाच्या अक्षरात, ‘बटण विचारते, ती मुलगी जंगलात जेवली काय?’

आता बघ हं. तुझी मामेबहीण बटण अजून बाराखडीत अडकलीय. मामा दिवसभर दुकानात पंखे आणि दिवे विकतो. मामीला माझं अक्षर लागत नाही, ते तिनेच मला ऐकवलंय. मग बटणला पत्र वाचून कोणी दाखवलं? मी काही विचारत नाही. पुढची गोष्ट बटणसाठी आहे, तुला ऐकायची सक्ती नाही. तू फक्त मोठ्याने वाच.

ती मुलगी चालत चालत सात खाणकामगारांच्या घरी पोचली. सात बाप्ये आणि एका मोज्याला दुसरा मोजा सापडेना. त्यांनी तिला बघितलं आणि त्यांचे चेहरे उजळले. “वा! आता आमचं धुणं, भांडी, झाडलोट हीच करणार!”

मुलगी म्हणाली, “आणि तुम्ही?”

“आम्ही हिरे खणतो.”

“मग हिरे विकून एखादं कपडे धुवायचं यंत्र घ्या. मी पाहुणी आहे. जेवायला काय आहे?”

उकडलेले बटाटे होते. बटणला सांग, ती बटाटे जेवली, आणि मीठ कमी आहे असंही म्हणाली.

इकडे राणीला काही सुचेना. रागावलेलं पोर उपाशी तर नसेल? तिने एक छानसं सफरचंद घेतलं, गुडघ्यापर्यंत चिखल तुडवत त्या घरी गेली आणि दार वाजवलं. आतून आठ आवाज आले, “आम्ही गोष्ट वाचलीय! ते विषारी आहे!”

“अगं, नाहीये गं.”

“सगळ्या सावत्र आया असंच म्हणतात!”

राणी दमली. पायरीवर बसली. म्हणाली, “बरं, नका उघडू.” आणि ते सफरचंद तिने स्वतःच खाल्लं. कराकरा. आतले सगळे फटीतून बघत राहिले, की आता पडेल, मग पडेल. ती पडली नाही. शेवटचा तुकडा संपल्यावर मुलीने हळूच दार उघडलं आणि रागाने विचारलं, “सगळं खाल्लंस?”

बटणला आवडली का ते कळव. म्हणजे मामाला कळवायला सांग.

इकडचं सगळं झकास. मी घाटातला, तळ्याकाठून जाणारा लांबचा मार्ग सोडला आणि सकाळची शहरातली फेरी घेतली. तुझी शाळा सुटायच्या सुमाराला, म्हणजे कोणाचीही शाळा सुटायच्या सुमाराला, मी घरी असते. त्या तळ्याच्या रस्त्याचा कंटाळाच आला होता. आमचा कंडक्टर, मिशीकाका, म्हणतो की मी धडधडीत खोटं बोलते. त्याचं ऐकू नकोस, त्याने तुला सांगितलं होतं की हॉर्नमध्ये बदक बसवलेलं असतं.

तुझी ड्रायव्हर

२२ जुलै

प्रिय भुंग्या,

आजींचा फोन आला होता. तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तुझ्यामागे तुझ्याबद्दल बोलायचं नाही, हा आपल्या घरचा नियम अजून चालू आहे.

त्या म्हणाल्या, “मुलीचं डोकं फिरवू नका.”

मी म्हटलं, “काय फिरवलं?”

“गोष्टी जशा आहेत तशा सांगाव्यात. आम्ही तशाच ऐकल्या, आमच्या मुलांनी तशाच ऐकल्या.”

“म्हणून तर मी फळ दिलं की तुम्ही ते उलटंसुलटं करून बघता.”

“तुम्ही सगळंच हसण्यावारी नेता.”

“मग काय करू, रडू? ते करून झालंय.”

त्यावर त्या म्हणाल्या, “पत्रं बंद करा,” आणि फोन ठेवला. मी बंद बसच्या स्टिअरिंगवर डोकं टेकवून थोडा वेळ बसले. मग मिशीकाकाने काच वाजवली. “बाई, उतारू चढलेत. निघायचं, का इथेच सगळ्यांनी राहायचं?”

निघाले. आणि पत्रंही बंद करत नाही. कोर्टाने सांगितलं तर विचार करीन. विचारच फक्त.

आजची गोष्ट बूट हरवणाऱ्या मुलीची. ती सगळ्यांना माहीत आहे. राख, परी, भोपळ्याची गाडी, राजवाडा. पण त्या गोष्टीत एकाच जिवावर खरा अन्याय झालाय, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती म्हणजे गाडी चालवणारी घूस.

घूस बिचारी गटाराच्या तोंडाशी बसून आपली मिशी साफ करत होती. परी आली, छडी फिरवली, आणि घुशीची झाली गाडीवान बाई. टोपी, कोट, हातात लगाम. विचारलं कोणी तिला? येतं का, शिकलीस का, परवाना आहे का? काही नाही. “चल, राजवाड्याकडे घे!” झालं.

पण लगाम हातात आल्यावर घुशीला काय वाटलं सांगू? तिला वाटलं, अरे! मला हे येतंय! वळण कुठे घ्यायचं ते हातालाच कळत होतं. पहिल्यांदाच ती भिंतीच्या कडेने न पळता रस्त्याच्या मधून चालली होती.

मग बारा वाजले. मुलगी धावत आली, बूट पडला, गाडीचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर होऊन चहूकडे पांगले. परी म्हणाली, “चल गं, तुझी वेळ संपली. हो परत घूस.”

घूस म्हणाली, “नाही होणार.”

“म्हणजे?”

“उतारू सुखरूप पोचवला, गाडी कुठे घासली नाही. आता मी गटारात परत जाणार नाही. फिरवा छडी.”

परीने छडी फिरवली. घूस लगाम घट्ट धरून उभी. परीने पुन्हा फिरवली. जोराने झटकली. मग म्हणाली, “हिला काय झालंय आज?” आणि चरफडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी राजपुत्र बूट घेऊन दारोदार हिंडायला निघाला. हिचं पाऊल बघ, तिचं पाऊल बघ. आणि त्याची गाडी कोण चालवत होतं? घूस! त्या मुलीला तिनेच तर घरून आणलं होतं, सगळा पत्ता पाठ. पण राजपुत्राने विचारलं का? नाव नको. ड्रायव्हरला कोण विचारतंय. घुशीनेही मग त्याला सगळं गाव हिंडवलं, मोकळ्या हवेत, सावकाश.

तुझी ड्रायव्हर

९ ऑगस्ट

भुंग्या,

तुझं पत्र आलं. पाठपोट लिहिलेलं. मी ते बसच्या पायरीवर बसून वाचलं, मग घरी येऊन वाचलं.

तू लिहिलंस, ‘तू रोज भर रस्त्यात ट्रकना अडवतेस, मामाची एवढीशी गाडी तुला अडवता आली नाही? तू मला जाऊ दिलंस.’

आज गोष्ट नाही. उत्तर देते.

मी फाटकात उभी होते. गाडीसमोर जाणं काहीच अवघड नव्हतं. पण तू काच वर केलीस आणि आतून दार लॉक केलंस. बाबा गेल्यापासून तू माझ्याशी बोलत नव्हतीस. जेवत होतीस, शाळेत जात होतीस, पण रडत नव्हतीस. मी जवळ आले की अंग चोरून घ्यायचीस. गाडीत आजींनी तुला कुशीत घेतलं आणि तू मोठ्याने रडलीस, ते मी काचेतून पाहिलं. मला वाटलं, रडू दे. जिथे रडता येतंय तिथे जाऊ दे. रडणाऱ्या पोराला गाडीतून ओढून काढणारी बाई तुला आवडली असती का? मला नसती आवडली. आजही गाडीसमोर उभी राहणार नाही.

पण ‘जाऊ दिलंस’ आणि ‘सोडून दिलंस’ यांत फरक आहे. सोडून देणारी बाई कोर्टाच्या बाकड्यावर चपला झिजवत बसत नाही. सोडून देणारी बाई तुझ्या पलंगावरची चादर बदलत राहत नाही, ज्यावर कोणी झोपतच नाही. बघ, हे मला लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडत नाही.

तू विचारलंस, बाबाचा निळा चौकड्यांचा शर्ट दिला का कोणाला. नाही. मी घालते, बाह्या दुमडून. तुला हवा असेल तर तुला देईन, पण पोस्टाने नाही. इथे येऊन घे.

आणि ‘माझी कोणीच नाहीस’ म्हणालीस त्याबद्दल माफी मागितलीस. मागायला नको होतीस. बाबा म्हणाला होता तिला आई म्हण, आणि तू मला ड्रायव्हर म्हणायला लागलीस, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. माझा नव्हता पडला. मला वाटलं, चला, ही मुलगी उगाच काही म्हणत नाही. त्यामुळे तू कोणीच नाही म्हणालीस ते मला लागलं, फार लागलं. पण मग माझ्या लक्षात आलं, की कोणीच नसलेल्या माणसावर कोणी इतकं चिडत नाही.

चीड. पाहिजे तेवढी चीड. पण कागदावर चीड, म्हणजे मला वाचता येईल.

ड्रायव्हर

१८ ऑक्टोबर

प्रिय भुंग्या, शाबास! आणि थांब, थोडी ओरडणारही आहे.

मामाने फोनवर सगळं सांगितलं. मध्येमध्ये त्याला हसू आवरत नव्हतं, मग मागून कोणीतरी भांडं आपटलं की तो गंभीर व्हायचा. तर मला कळलं ते असं. शाळेच्या नाटकात तीच आरशावाली गोष्ट. बाईंनी तुला सावत्र आईचं काम दिलं. वर्गातली एकजण म्हणाली, “हिला तालमीची गरज नाही, हिने घरी बघितलंय.” सगळे हसले. मला पत्रातही लिहिलं नाहीस. काळा झगा घातलास, तालमीत सगळे संवाद चोख म्हटलेस.

आणि नाटकाच्या दिवशी, भरलेल्या सभागृहात, राजकन्येच्या दारात उभी राहून सफरचंद पुढे करायचं सोडून तू म्हणालीस, “विश्वास नाही ना? बरं. हे बघ, मीच खाते.” आणि खाल्लंस! मामा म्हणतो, खरोखरचं सफरचंद होतं आणि तू ते सावकाश, सगळं खाल्लंस. कोणाला काय करावं कळेना. मग तू म्हणालीस, “मेले का? नाही. आता घरी चल, उद्या तुझी गणिताची परीक्षा आहे.”

मागे बसलेल्या आयांमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. मग हशा. राजकन्या तशीच उभी. राजपुत्र विंगेत झगा सावरत वाट बघतोय, तिला उठवायला कधी जायचं, पण ती झोपलीच नाही. शेवटी पडदा पाडला.

मी फोन कानाला धरून इतकी हसले की डेपोचे साहेब बाहेर येऊन बघून गेले.

आता मोठ्या बाईंचं म्हणणं, तू लेखी माफी मागावीस, शाळेची शिस्त मोडलीस म्हणून. आणि तू मागत नाहीस. मामा विचारत होता, तुमचं काय मत. आजवर मला त्या घरातून कोणी मत विचारलं नव्हतं. म्हणून नीट विचार करून देते. सफरचंदाबद्दल माफी मागू नकोस. अजिबात नाही. जी मुलगी तुला हसली तिच्या नाकावर टिच्चून तू ते खाल्लंस. पण त्या राजकन्या झालेल्या मुलीकडे जा. तिने मरायची किती तालीम केली असेल! पांढरा झगा, फुलं, सगळं. तिचा मरणाचा प्रवेश तू तिला न सांगता खाऊन टाकलास. तिची माफी माग, तोंडी, तिच्या घरी जाऊन. गोष्ट बदलायची तर त्यात जे उभे आहेत त्यांना आधी सांगावं लागतं. त्याशिवाय आपल्यात आणि त्या परीत फरक काय राहिला?

एक गोष्ट मामाने हळू आवाजात सांगितली. तू सफरचंदाचा पहिला घास घेतलास तेव्हा आजी उठून सभागृहाबाहेर गेल्या. घरी येऊन तुझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यांच्याजवळ जाऊन बस, भुंग्या. बोलू नकोस, नुसती बस.

तुझी ड्रायव्हर

२६ नोव्हेंबर

प्रिय भुंग्या,

आज आपण कोर्टाच्या एकाच व्हरांड्यात बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. तू मामा आणि आजींच्या मध्ये. उंची वाढलीय. बुटांची नाडी अजून तशीच, कुत्र्याच्या कानासारखी. मी हात हलवला, तू बुटाकडे बघितलंस. मला राग आला नाही. तू एका बाजूला बघितलं असतंस तर दुसऱ्या बाजूला काहीतरी तुटलं असतं, हे मला कळत होतं.

तुला न्यायाधीशबाईंनी त्यांच्या खोलीत वेगळं बोलावलं. तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. मी काय सांगितलं ते मात्र तुला माहीत हवं.

मामाचे वकील उठले. “तुमचं आणि या मुलीचं रक्ताचं नातं काय?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“कायद्याचं?”

“नवरा गेल्यावर तेही पातळ झालंय म्हणतात. म्हणून तर इथे उभी आहे.”

“मग कोणत्या हक्काने तुम्ही मुलगी मागता?”

मी म्हटलं, “साहेब, माझ्या बसमध्ये रोज इतकी माणसं चढतात. एकाशीही माझं रक्ताचं नातं नाही. पण बस माझ्या हातात आहे तोवर ती सगळी माझी आहेत. ही मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या बापाने तिला माझ्या हातात दिली. तो मधेच उतरला, त्याला इलाज नव्हता. म्हणून मी काय आता भर रस्त्यात बस सोडून उतरू?”

वकील म्हणाले, “हे कोर्ट आहे, बस नाही.” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “बोलू द्या त्यांना.”

मग त्यांनी विचारलं, “तुम्ही लांबचा मार्ग का सोडलात? पगार त्यात जास्त होता.” आमच्या वकीलबाईंनी डेपोचा कागद दाखवला होता. मी म्हटलं, “शाळा सुटते तेव्हा घरी कोणीतरी लागतं.” तू तेव्हा आत आली होतीस. तू ऐकलंस. तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघितलंस, आणि मग तुझ्या कपाळावर ती आठी आली, मी खोटं बोललेलं तुला कळलं की येते ती. हो. कंटाळा वगैरे काही आला नव्हता. तळं माझं फार आवडतं होतं.

निकाल पुढच्या तारखेला. माझ्या विरुद्ध लागला तर मी वरच्या कोर्टात जाईन, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पण तू तिथेच राहायचं म्हणाली असशील, अगदी आतून म्हणाली असशील, तर मी जाणार नाही. तेव्हा पत्रं मात्र चालू राहतील. तू म्हातारी होऊन चष्मा हरवलास तरी.

तुझी ड्रायव्हर

१५ जानेवारी

आजींना,

नमस्कार. अगदी मनापासून आहे, पण वाकून नाही. वाकले असते तर तुम्हालाच वाटलं असतं, की ही काहीतरी लपवते आहे.

भुंगा इथे आहे, ठीक आहे. कोर्टाने तिला माझ्याकडे राहायला सांगितलं आणि प्रत्येक मोठ्या सुट्टीत तुमच्याकडे. नंतर न्यायाधीशबाईंनी आम्हाला सांगितलं, की ही वाटणी तिनेच त्यांना सुचवली होती. ‘मला दोन्ही घरं पाहिजेत, आणि कोणी कोणाला हरवलं असं म्हणायचं नाही,’ असं म्हणाली म्हणे. तेव्हा मी जिंकले असं मी म्हणत नाही. तुम्हीही हरलात असं म्हणू नका.

गेल्या आठवड्यात आम्ही निघालो तेव्हा तुम्ही खोलीचं दार लावून घेतलंत. बटण दार वाजवून दमली. भुंगा बाहेर उभी राहून “आजी, येते,” म्हणाली, आणि आतून आवाज आला नाही. ती सगळा रस्ता रडली. तुमच्यासाठी. माझ्या खांद्यावर रडली, पण रडत होती तुमच्यासाठी, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्या मुलीला रडायला माणूस आहे ती मुलगी श्रीमंत आहे.

घरी आल्यापासून गोड वागते आहे असं समजू नका. दारं आपटते. माझ्या अंड्यांना तुमच्या अंड्यांची सर नाही, हे रोज सांगते. बापाचा शर्ट घातला आणि मी तो धुवायला मागितला तर भांडली.

तुम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर मला जे म्हणालात ते मी विसरले नाही. तुम्ही म्हणालात, “तुमच्या गोष्टींत सावत्र आई शहाणी, सावत्र आई चांगली. आणि सख्खी? ती पहिल्याच ओळीत मेलेली असते. ‘एका राजाची पहिली राणी वारली.’ झालं. तिच्याबद्दल कोणी दुसरी ओळसुद्धा लिहीत नाही. ती माझी लेक होती.” मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर सुचतं, तुम्हाला माहीत आहे. त्यावर सुचलं नाही. त्या सभागृहातून तुम्ही का उठून गेलात, तेही मला तेव्हा कळलं.

काल संध्याकाळी मी भुंग्याचे केस विंचरत होते. गुंता होता. ती म्हणाली, “माझ्या आईचे केस असेच होते?”

मी म्हटलं, “माहीत नाही गं. मी तिला कधी बघितलंच नाही.”

“फोटोत कळत नाही. फोटोत रुमाल बांधलाय.”

“हो.”

“ती माझ्याएवढी होती तेव्हा कशी होती? ती पण दारं आपटायची?”

“माहीत नाही.”

“मग कोणाला माहीत आहे?”

आजी, मी राण्या बदलल्या, घुशीला गाडी चालवायला दिली, आरशाला बोलायला शिकवलं. पण तुमच्या लेकीची गोष्ट मी रचू शकत नाही. रचली तर ते पाप होईल, आणि ही मुलगी मला लगेच पकडेल. ती गोष्ट फक्त तुम्हाला येते. ती तुम्ही खोलीचं दार लावून आत घेऊन बसलात, तर एक दिवस ती तुमच्याबरोबरच जाईल, आणि ही पोर आयुष्यभर त्या रुमालाच्या फोटोकडे बघत राहील. हे मी होऊ देणार नाही. तुम्ही मला पत्रं बंद करायला सांगितलंत, मी केली नाहीत. आता मी तुम्हाला यायला सांगते आहे. मी विनंती करत नाहीये, मागते आहे.

रविवारी मामा दुकानाच्या सामानासाठी इकडे येतोय, मी त्याच्याशी बोलले आहे. पुढची जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवायला सांगितलंय. जिना चढायचा नाही, आमचं घर तळमजल्यावर आहे. तुम्हाला भुंग्याची खोली देऊ, ती माझ्याकडे झोपेल.

तुम्ही तिला सगळं सांगा. तुमची लेक हट्टी होती का, पोहायची का, शाळेतून पळून यायची का, कोणावर चिडायची. सांगताना मध्ये मला वाईट ठरवावंसं वाटलं तर खुशाल ठरवा. मी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसेन. फक्त दार लावून घ्यायला सांगू नका. मलाही ऐकायचं आहे.

तुमच्या नातीची ड्रायव्हर